मागे गाणाऱ्याची मुलगी

सुंदररावांना कोणी विचारलं, की तुम्ही जन्मभर काय केलंत, तर ते मान ताठ करून सांगत, "मागें गायलों." दुसरा एखादा हे सांगताना खाली बघेल. सुंदरराव समोरच्याच्या डोळ्यांत बघत.

त्याला कारण होतं. कुंभकोणमकडे हरिकथा करणारा भागवतर उभा राहून गातो, गोष्ट सांगतो, नाचतो, मध्येच दोन पात्रांचं भांडणही एकटाच भांडतो. एवढं सगळं एका छातीतल्या हवेवर चालत नाही. म्हणून त्याच्या मागे एक गाणारा बसतो, त्याला पिन्पाट्टु म्हणतात. भागवतराने ओळ सोडली की याने उचलायची, आणि तीही अशी, की भागवतर दम घेतोय हे पहिल्या रांगेतल्यालासुद्धा कळता कामा नये. सुंदररावांचे वडील हेच करत, आजोबाही. तंजावरच्या मराठी घरांतून पिन्पाट्टु निघायचे, कारण हरिकथेतल्या साक्या आणि दिंड्या मराठी असत, आणि भागवतर कुठलाही असो, मागे शुद्ध म्हणणारा माणूस लागेच. सुंदररावांनी पोस्टातली नोकरी सांभाळून व्यंकोबा भागवतरांच्या मागे एकतीस वर्षं काढली. भागवतर जाऊन आता जमाना झाला. सुंदररावांना चौऱ्याहत्तर झाली. पण "एकतीस वर्षांत भागवतरांचा श्वास कोणाच्या कानीं आला नाहीं" हे वाक्य ते अजून आठवड्यातून एकदा तरी म्हणत, आणि त्यांची बायको वेंकटलक्ष्मी ते ऐकताना पदराने काहीतरी पुसायला घेई.

त्यांची मुलगी नंदिता गिटार वाजवते. तीही जॅझ.

हे पचायला सुंदररावांना फार वेळ लागला असेल, असं वाटेल. मुळीच लागला नाही. त्यांनी पोरीला पाचव्या वर्षापासून आपल्यामागे बसवून गायला शिकवलं होतं. पुढे ती तिरुच्चीच्या कॉलेजातून गिटार घेऊन आली आणि म्हणाली, "अप्पा, यांत आधीं चीज वाजवितात, मग तिच्यावर मनाचें वाजवितात." यावर सुंदरराव म्हणाले, "म्हणजे आमचेंच कीं!" आणि विषय संपला. जगातलं जे जे चांगलं ते कुठूनतरी आमचंच, हा त्यांचा जुना सिद्धांत होता, आणि त्यामुळे त्यांना कशाशीच भांडावं लागत नसे.

नंदिता आता अडतीस वर्षांची होती. चेन्नईत एका शाळेत संगीत शिकवायची, शनिवारी-रविवारी कुठेकुठे वाजवायची. गेल्या वर्षी तिच्या डोक्यात आलं, की एक अल्बम करायचा. फक्त दोन गिटारी, तिसरं वाद्य नाही. एक तिची, आणि दुसरी मुरलीची.

मुरली म्हणजे पलीकडच्या गल्लीतला, यांच्याच नात्यागोत्यातला. सिनेमाच्या गाण्यांत वाजवून वाजवून त्याचे हात असे पळायचे, की डोळ्यांना बोटं मोजता येत नसत. तो विजेची गिटार वाजवी. आवाज लखलखीत, आणि एका सेकंदाची जागा मिळाली तर तीत नऊ सूर भरणारा माणूस. नंदिताची गिटार पोकळ लाकडाची, नायलॉनच्या तारांची, आवाज गोल आणि मऊ. नऊ सुरांच्या जागी ती दोन वाजवी, आणि त्या दोनांतलाही दुसरा द्यावा की न द्यावा याचा विचार करी. अशा दोघांना समोरासमोर बसवायचं, हीच तिची सगळी कल्पना होती. आठ चिजांपैकी पाच तिने स्वतः बांधल्या. मुरलीला तिने विचारलं. पैसे घालायला तयार असलेली शिवकामी तिने शोधली. ही शिवकामी चेन्नईची, ध्वनिमुद्रण स्वतः करणारी, अल्बम काढणारी आणि तोंडाने फटकळ.

शिवकामीला स्टुडिओ नको होता. तिला लाकडी छताखालचा आवाज हवा होता. सुंदररावांनी लगेच आपल्या गल्लीतला भजनमठ मिळवून दिला. सागवानी खांब, लाल फरशी, जाड भिंती. दुपारी बारा ते चार देवळं बंद, म्हणजे देवळांचे कर्णेही बंद. तेवढे चार तास काम करायचं. पहिल्या दिवशी कुठूनतरी झिणझिण ऐकू यायला लागलं. अर्धा तास शोधल्यावर कळलं, की मुरलीने एक ठराविक सूर छेडला की कोपऱ्यातली नाचियार्कोविलची पितळी समई थरथरते. सुंदररावांनी तिला आपलं जुनं धोतर गुंडाळलं. त्या दिवसापासून अल्बममध्ये आपलाही हात आहे, असं ते गल्लीत सांगू लागले.

सहा दिवसांत सहा चिजा झाल्या. सुंदरराव रोज भिंतीला टेकून बसत. आवाज करायची सक्त मनाई, पंखा बंद, घामाच्या धारा; पण हा माणूस हलला नाही. मुरली धबधब्यासारखा वाजवायचा, आणि त्याची तान जिथे संपायची, तिथून नंदिता अलगद उचलायची. एकदाही फट पडली नाही. सुंदररावांच्या अंगावर रोज मूठभर मांस चढत होतं.

सहाव्या दिवशी काम संपल्यावर शिवकामीने सगळ्यांना बसवलं आणि अल्बमच्या वेष्टणाचा कागद पुढे ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: मुरली. आणि त्याखाली, बारीक अक्षरांत: साथ, नंदिता.

शिवकामी तमिळच बोले आणि तिच्याशी सगळे तमिळमध्येच बोलत. "मी सरळ सांगते," ती म्हणाली. "दोघांचा अल्बम करायचा म्हणून मी आले होते. सहा चिजा ऐकल्या. हा मुरलीचा अल्बम झालाय. उत्तम झालाय. पण त्याचाच आहे. लोकांना दोघांचा म्हणून विकला तर ते मला शिव्या देतील."

मुरली बिचारा ओशाळला. "अगं पण चिजा तिच्या आहेत," असं काहीतरी पुटपुटला.

नंदिता कागदाकडे बघत म्हणाली, "चालेल. साथ तर साथ. त्यात काय."

आणि सुंदरराव! ते एवढे खूश झाले, की उठून शिवकामीला म्हणाले, "आमच्या घरात चौथ्या पिढीला साथीची पदवी मिळाली. बाई, तुम्ही कान असलेल्या आहात." एकतीस वर्षं, भागवतर, श्वास, सगळं त्यांनी तिला पुन्हा सुनावलं.

शिवकामीने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग तिने त्यांच्या डोक्यावर हेडफोन चढवला. "मामा, डाव्या कानात मुरली आहे, उजव्या कानात नंदिता. मी डावा बंद करते. फक्त मुलीला ऐका."

सुंदररावांनी डोळे मिटले. उजव्या कानात शांतता होती. मग तीन सूर आले, पडत्या तानेचं शेपूट. पुन्हा शांतता. पुन्हा दोन सूर, दुसऱ्या कुणाच्या तरी वाक्यातले शेवटचे दोन शब्द. सुरुवात कुठेच नव्हती. पाच मिनिटं ते ऐकत राहिले, आणि पाच मिनिटांत त्या मुलीने स्वतःहून एकही गोष्ट काढली नाही. कोणीतरी बोलतंय, आणि ही नुसती "हो, हो" म्हणत्येय. चीज तिची, तीही तिने स्वतः पुढे होऊन म्हटली नव्हती. ती मुरलीची री ओढत होती.

"फट नाही," सुंदरराव हेडफोन काढत म्हणाले. त्यांचा आवाज जरा खाली आला होता.

"फट नाहीच," शिवकामी म्हणाली. "मी इतकी चांगली साथ कधी ऐकली नाही. पण ती काही बोलतच नाही हो, मामा."

सुंदररावांनी मुलीकडे पाहिलं. नंदिता गिटार पेटीत ठेवत होती आणि तिची पाठ त्यांच्याकडे होती. पेटीचा खटका लागत नव्हता, तरी ती तो पुन्हापुन्हा दाबत होती. शेवटी तिने पेटी तशीच उघडी सोडली आणि बाहेर निघून गेली.

घरी येईपर्यंत सुंदररावांची मान थोडी वाकली होती. नंदिता अजून आली नव्हती. त्यांनी वेंकटलक्ष्मीला सगळं सांगितलं, आणि सांगतासांगता सवयीने म्हणालेच, "साथ कांहीं हलकी गोष्ट नव्हे. मीं एकतीस वर्षें..."

"पुरे!" वेंकटलक्ष्मी म्हणाली. ती भेंडी चिरत होती, ती विळी तिने बाजूला सारली. "तुमचें तें वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. पोरीने स्वतःचा अल्बम आपल्या हातांनी दुसऱ्यास देऊन टाकिला, आणि तुम्हीं त्या बाईस पदवी मिळाली म्हणून सांगितलेंत? अय्यो! इन्नंबूरचें सांगा कीं पोरीस. खरें खरें सांगा."

सुंदररावांनी दाराकडे पाहिलं. इन्नंबूरचं नाव या घरात तेहेतीस वर्षं कोणी काढलं नव्हतं.

"तें कशास?"

"कशास म्हणजे? मीं होत्यें तेथें. पोर माझ्या मांडीवर होती. तुम्हांस वाटतें, मीं विसरलें?"

नंदिता आली ती याच वेळी. दारातच थांबली. "काय झालें इन्नंबूरला?" तिने विचारलं.

सुंदररावांना वाटलं, आता उठावं आणि बाहेर जावं. पण वेंकटलक्ष्मी अशी बसली होती, की तिला ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं.

मग त्यांनी सांगितलं. इन्नंबूरच्या देवळात उत्सव होता, भात कापून झालं होतं, अख्खं गाव संध्याकाळी ओसरीत बसलं होतं. रुक्मिणीच्या लग्नाची कथा चालली होती. रुक्मिणी कृष्णाला पत्र लिहायला बसते तिथपर्यंत व्यंकोबा भागवतर आले, पत्राची पहिली ओळ त्यांनी म्हटली, आणि थांबले.

"पत्राची ही गोष्ट तुम्हीं गांवाचें नांव न घेतां सांगतां, तींत तर त्यांचा श्वास अडकला आणि तुम्हीं दोन ओळी सांभाळून घेतल्या," नंदिता म्हणाली.

"श्वास नव्हे अडकला. ते विसरले. पुढचें अवघें विसरले. वळून माझ्याकडे पाहूं लागले." सुंदरराव जमिनीकडे बघून बोलत होते. "मीं एक ओळ दिली. त्यांनी उचलिली नाहीं. दुसरी दिली. तीही नाहीं. मग मीं उठलों."

"उठलांत?"

"उभा राहिलों. आणि पत्र मीं म्हटलें. वीस मिनिटें म्हटलें, पोरी. साकी म्हणावी, तिचा अर्थ तमिळमध्यें सांगावा, पुन्हा दुसरी चाल घ्यावी. कोठून येत होतें तें मजला ठाऊक नव्हतें. जी चाल कधीं कोणी लावली नव्हती ती मीं लावली." त्यांनी वर पाहिलं. "माणसें हुंदके देऊं लागलीं. आणि संपल्यावर देवळाचा कारभार पाहणाऱ्या धर्मकर्त्याने शाल आणिली ती आधीं माझ्या अंगावर घातली. भागवतर तेथें उभे होते आणि शाल मला घातली."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशीं सकाळीं शाल घेऊन त्यांच्या घरीं गेलों. पाय धरिले. म्हटलें, पुन्हा असें होणार नाहीं. झालेंही नाहीं."

नंदिता उंबऱ्यावर बसली. तिचा चेहरा लाल होत चालला होता, आणि सुंदररावांना वाटलं, ही रडणार. ती रडली नाही, भडकली.

"म्हणजे तुम्हांस येत होतें! आणि मजला जन्मभर शिकविलेंत तें काय? पुढें होऊं नको, पुढें होऊं नको. मीं एक सूर अधिक लाविला कीं डोळे वटारीत होतां तुम्हीं! आज त्या मठांत माझी चीज सुरू झाली कीं माझे हातच उठत नाहींत, अप्पा. मुरली सुरू करील म्हणून मीं वाट पाहत्यें. माझ्याच चिजेची वाट पाहत्यें!"

"मागें गाणें खोटें नव्हे," सुंदरराव हळू म्हणाले. "तें फार अवघड काम आहे, आणि मीं तें चोख केलें. त्याची मजला लाज नाहीं." ते थांबले. पुढचं वाक्य त्यांच्या तोंडून याआधी कधी निघालं नव्हतं. "पण मजला गर्व कशाचा आहे, तें विचारशील तर त्या वीस मिनिटांचा. एकतीस वर्षांचा नव्हे. बाकीचें मीं त्या वीस मिनिटांवर पांघरूण घालण्यास सांगत आलों."

"त्या दिवशीं हे जितके सुंदर दिसले," वेंकटलक्ष्मी विळी पुढे ओढत म्हणाली, "तितके लग्नांतही दिसले नव्हते." आणि तिने भेंडी चिरायला घेतली.

नंदिता त्यानंतर जेवली नाही. सुंदररावांना वाटलं, आपण फार उशिरा सांगितलं. अडतीस वर्षांच्या माणसाचे हात काही गोष्ट ऐकून बदलत नाहीत. त्यात ते अर्धे बरोबर होते.

दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला सातवी चीज सुरू झाली. ही नंदिताची सगळ्यांत आवडती, तिने ती शेवटाकडे राखून ठेवली होती. ती म्हणाली, "मुरली, ही मीं सुरू करत्यें." मुरली आनंदाने हो म्हणाला. तिने सुरू केली, चांगली केली. चीज पुरी झाली, मुरली आत आला, मनाचं वाजवायला लागला, आणि तो आला तशी ती मावळली. दोन मिनिटांत पुन्हा शेपटं उचलणं सुरू. तिने मध्येच हात उचलला. "पुन्हा." पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच.

शिवकामीने घड्याळ पाहिलं. काल त्या कागदावर जे लिहिलंय तेच छापायचं, हे तिने बोलून दाखवलं नाही, एवढाच तिचा चांगुलपणा.

सुंदररावांनी सात दिवस त्या दोघांना ऐकलं होतं. आज पहिल्यांदा त्यांनी पाहिलं. मुरलीचं स्टूल मधोमध होतं. नंदिताचं त्याच्या डाव्या हाताला, पण बरोबरीने नाही, हातभर मागे. आणि तिची नजर तारांवर नव्हती. ती मुरलीच्या पाठीकडे, खांद्याच्या हाडाकडे लागलेली होती. कोणी तिला तिथे बसवलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती स्वतःच स्टूल ओढून तिथे बसली होती, आणि शिवकामीने माइक त्याप्रमाणे लावले होते. ती जागा सुंदरराव पुरती ओळखत होते. तिथून भागवतराचं खांद्याचं हाड दिसतं, आणि ते वर उचललं गेलं की समजायचं, दम संपत आला. हे त्यांनी तिला सहाव्या वर्षी शिकवलं होतं, बोट लावून दाखवलं होतं.

आवाज करायची मनाई होती. सुंदरराव उठले, धोतर सावरलं आणि सरळ मध्ये चालत गेले.

"मामा, रेकॉर्डिंग चालू आहे!" शिवकामी ओरडली.

"बंद करा," सुंदरराव म्हणाले. "ऊठ पोरी."

नंदिता उठली. त्यांनी तिचं स्टूल उचललं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने उचलावं इतकं ते हलकं नव्हतं, तरी कोणाला हात लावू दिला नाही. मुरलीच्या बरोबर समोर, चार हातांवर, तोंडाला तोंड येईल असं त्यांनी ते ठेवलं. मग विचार करून आणखी हातभर पुढे ओढलं.

"आतां तुला याची पाठ दिसणार नाहीं," ते म्हणाले. "आणि हें बघ. त्याचा दम गेला तर जाऊं दे. लोकांस ऐकूं येऊं दे. तो मेला तरी तूं उचलूं नको."

"अहो मामा!" मुरली म्हणाला.

"तूं गप्प राहा. धडधाकट आहेस."

माइक हलवायला शिवकामीला चाळीस मिनिटं लागली, आणि ती सगळी चाळीस मिनिटं ती तमिळमध्ये पुटपुटत होती. सुंदरराव भिंतीशी जाऊन बसले. त्यांनी असं कोणाच्या कथेत मध्ये पडणं आयुष्यात एकदाच केलं होतं.

नंदिताने सुरू केलं.

चीज झाली. मुरली आत आला, नेहमीसारखा झपाट्याने, आणि नंदिता थांबली. पण आता ती मावळली नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, एखादा माणूस फार बोलतोय आणि आपण त्याचं म्हणणं पुरतं ऐकून घेतोय, तशी. मुरलीची तान खाली आली, शेपटाशी आली. सुंदररावांची स्वतःची जीभ टाळ्याला लागली, उचलायला. नंदिताने उचललं नाही. तान जमिनीवर पडली. मुरलीने चमकून वर पाहिलं. सगळ्या मठात शांतता झाली, आणि ती इतकी लांबली, की शिवकामीचा हात बटणाकडे गेला.

मग नंदिताने एक सूर दिला. मुरलीने जे म्हटलं होतं त्यातला तो नव्हता. मुरलीच्या सगळ्या तानेला "हें असें नाहीं" म्हणणारा तो सूर होता. दुसरा द्यावा की न द्यावा याचा विचार तिने केला, आणि दिला. मग तिसरा. आणि तिथून ती निघाली. सावकाश, गोल, मऊ, कुणाला न विचारता. मुरली तिच्यात शिरायला बघत होता. नऊ सूर आणले, तिने वाट दिली नाही. पाच आणले. मग त्याने दोनच आणले, तिच्या दोनांना उलटे घातलेले, आणि ती हसली. हसली ती स्पष्ट ऐकू आली, अल्बमवरही ती आहे. त्यापुढे दोघं भांडले. हो, भांडलेच. तो पळत गेला की ती मध्ये खांबासारखी उभी, ती थांबली की तो तिच्याभोवती फेर धरणार. कधी दोघं एकाच वेळी बोलत होते आणि तरी दोघांचंही कळत होतं. हे सुंदररावांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांच्या सगळ्या आयुष्यात एकाने बोलावं आणि दुसऱ्याने उचलावं, एवढंच होतं. दोघांनी पुढे उभं राहायचं, असं गाणं असू शकतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि हे आमचंच, असं मात्र त्यांच्या मनात एकदाही आलं नाही. हे तिचं होतं. आपल्या पोरीचं, तिने केलेलं, आणि आपल्याला ते आलं नसतं, हे त्यांना स्वच्छ समजलं. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत, कारण खिशातून रुमाल काढला असता तर आवाज झाला असता.

अकरा मिनिटांनी चीज संपली. शेवटचा सूर छताला जाऊन विरेपर्यंत कोणी हललं नाही.

मुरलीने गिटार मांडीवर आडवी ठेवली. त्याचा सदरा भिजून पाठीला चिकटला होता. "मजला दम घ्यावयास एकदाही सवड मिळाली नाहीं," तो म्हणाला.

शिवकामीने पिशवीतून कालचा वेष्टणाचा कागद काढला, "साथ" वर काट मारली, आणि दोन्ही नावं एका ओळीत, एकाच मापाने लिहिली. मग ती म्हणाली, "आठवी चीज उद्या, मग आवरू. मुरलीला परवा चेन्नईत काम आहे."

"आठवी उद्या," नंदिता म्हणाली. "आणि परवापासून मागच्या सहा. सहाही पुन्हा."

"सहा?" शिवकामी ओरडली. "झालेल्या सहा?"

"झालेल्या नाहीत त्या. मी त्यांत नाही. याच जागेवर बसून, समोरासमोर, सगळ्या नव्याने. मुरली, चेन्नईचं काम पुढे ढकल."

मुरलीने तोंड उघडलं. सिनेमाचं काम, ठरलेली तारीख, मोठी माणसं. या सगळ्याला कारणं होती आणि ती खरी होती. सुंदररावांना त्याची दया आली. चांगल्या घरातल्या माणसाने दुसऱ्याची अडचण आधी बघावी, असं त्यांना वाटलं, आणि ते भिंतीपासून अर्धे उठत म्हणाले, "अगे पोरी, आधीं त्याला विचार तरी. त्याची सवड..."

"अप्पा," नंदिता वळूनसुद्धा न बघता म्हणाली, "तुम्ही गप्प बसा."

एवढ्या वर्षांत पोरीने बापाला असं कधी म्हटलं नव्हतं. मुरलीने मान खाली घातली, शिवकामी भिंतीकडे बघू लागली.

सुंदरराव खाली बसले. त्यांनी पाठ भिंतीला ताठ लावली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि समोरच्या सगळ्यांच्या डोळ्यांत आळीपाळीने पाहिलं.

"ऐकलंत ना?" ते शिवकामीला तमिळमध्ये म्हणाले. "ती सांगतेय तसं करा."